छोट्या डब्यातला गेमिंग पीसी: आधी वॅटचा हिशेब, मग ग्राफिक्स कार्ड

सात-आठ लिटरच्या डब्यात गेमिंग पीसी बसवायचा असेल तर खरेदीची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करू नका. झाकण उघडा, एसएमपीएसवरचं (वीज पुरवणारी पेटी, म्हणजेच पॉवर सप्लाय) लेबल वाचा आणि तिथून पुढे निघा. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये आधी कार्ड ठरतं, मग त्याला पुरेल असा सप्लाय घेता येतो. छोट्या डब्यात सप्लायचा आकार, त्याची जागा आणि त्याचे कनेक्टर कंपनीनं आधीच ठरवलेले असतात. तिथे कार्डालाच सप्लायच्या मापात बसावं लागतं.

या लेखात मी एकच ठोस उदाहरण धरून चालणार आहे: कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०६० एसएफएफ (एसएफएफ म्हणजे लहान आकाराचा डबा), त्यात इंटेल आय५-८५०० प्रोसेसर, आणि वर घालायचं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ६ जीबीचं लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड. हा डबा साधारण २९० × २९२ × ९३ मिलिमीटरचा, म्हणजे आठ लिटरपेक्षा थोडा कमी. एचपी एलिटडेस्क ८०० किंवा लेनोवो थिंकसेंटरचे एसएफएफ डबे असतील तर तपशील बदलतील, पण कामाचा क्रम हाच राहील. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि बहुतेक मोठ्या शहरांत रिफर्बिश्ड माल विकणाऱ्या दुकानांत अशी यंत्रं सहज मिळतात, कारण लीज संपली की कंपन्या ती गठ्ठ्यानं काढून टाकतात.

डबा घेताना काय बघायचं

आठव्या पिढीच्या खालचा इंटेल प्रोसेसर घेऊ नका. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा ठेवली आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे स्वस्त दिसतात, पण चार कोअरचा आय५ आजच्या गेमना कमी पडतो. आय५-८५०० मध्ये सहा कोअर आहेत, टर्बो (गरजेपुरता वाढवलेला वेग) ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि टीडीपी, म्हणजे सलग भाराखालचं वॅटचं माप, ६५ वॅट आहे. आय७-८७०० मिळाला तर सहा कोअर आणि बारा थ्रेड, पण तो तापतो जास्त. या डब्यात मी आय५ च पसंत करेन.

दुकानात उभं राहूनच काही गोष्टी तपासा. बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड आहे का ते पाहा. असेल तर तो काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. डेलच्या एसएमपीएसच्या मागच्या बाजूला, वायर लावायच्या सॉकेटशेजारी, एक बारीक बटण आणि दिवा असतो. वायर लावून ते बटण दाबलं आणि दिवा हिरवा लागला तर सप्लाय निदान जिवंत आहे. तो भाराखाली किती टिकतो हे मात्र त्यावरून कळत नाही. डब्यावरचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र कारखान्यातून काय घेऊन निघालं होतं ते दिसतं, त्यामुळे मधल्या काळात कुणी रॅम किंवा प्रोसेसर बदलला असेल तर लगेच लक्षात येतं. झाकण उघडून प्रोसेसरच्या पंख्यावरचा प्लॅस्टिकचा हवेचा बोगदा जागेवर आहे का तेही बघा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

वॅटचा हिशेब

या डब्यातला एसएमपीएस २०० वॅटचा आहे. आकडा ऐकून छाती दडपते, कारण आपण ५५०-६५० वॅटचे सप्लाय ऐकत आलेलो असतो. प्रत्यक्षात हिशेब असा आहे.

प्रोसेसर: सलग भाराखाली ६५ वॅट धरा. टर्बोमध्ये थोडा वेळ तो त्याच्या वर जातो, पण गेममध्ये सहाही कोअर सतत पूर्ण भरलेले क्वचितच असतात. ग्राफिक्स कार्ड: ७० वॅट. मदरबोर्ड, दोन रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, पंखे, कीबोर्ड-माउस मिळून ३० वॅट. एकूण १६५ वॅट. म्हणजे २०० च्या सप्लायवर साधारण ८२ टक्के भार, आणि तोही सगळं एकाच वेळी टोकाला गेलं तर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यावरून गोंधळ फार होतो. एसएमपीएसवर लिहिलेले २०० वॅट म्हणजे तो आत, डीसी बाजूला किती देऊ शकतो ते. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर मात्र बाहेरून किती खेचलं ते दाखवतो. सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर आत १६५ वॅट पोचवायला भिंतीतून १९४ वॅट घ्यावे लागतात. मीटरवर १९४ पाहून सप्लाय काठावर आला असं वाटतं. खरं तर त्याच्यावर अजून ३५ वॅटची मोकळीक असते. मीटरच्या आकड्याला ०.८५ नं गुणायची सवय लावून घ्या.

एकूण वॅटपेक्षाही महत्त्वाचा आहे १२ व्होल्टचा रेल, म्हणजे सप्लायची १२ व्होल्ट देणारी वाट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. दोन रेल असतील तर प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात आणि दोन्हींची बेरीज एकूण मर्यादेपेक्षा जास्त दिसू शकते. तशी बेरीज करून खूश होऊ नका, दोन्हींची मिळून दिलेली मर्यादा शोधा.

आता स्लॉट, म्हणजे बोर्डावर कार्ड बसतं ती खाच. पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ लेनच्या (माहितीच्या १६ वाटांच्या) स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, असा नियम आहे. त्यातले १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट, आणि ३.३ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे साधारण १० वॅट. ही वरची मर्यादा झाली. प्रत्येक कंपनीनं प्रत्येक डब्यात तेवढे दिलेच पाहिजेत असं नाही. तुमच्या मॉडेलच्या तांत्रिक पुस्तिकेत स्लॉटचे वॅट दिलेले असतील तर कार्ड घेण्याआधी ते पान वाचा. तिथे कमी आकडा असेल तर कमी वॅटचं कार्ड घ्या.

आणि ज्या कार्डाला वरून ६ पिनांची किंवा ८ पिनांची वायर लागते ते या डब्यात नको. ६ पिनांच्या कनेक्टरवर ७५ वॅट आणि ८ पिनांच्यावर १५० वॅट अपेक्षित असतात. डब्यात तशी वायरच नसते. मग बाजारात साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्या, कनेक्टरवरून ६ पिन काढून देणारे ॲडाप्टर मिळतात, चार-दोनशे रुपयांत. ते घेऊ नका. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर. तिन्ही मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. तिथून ७५ वॅट मागितले की प्लॅस्टिक मऊ पडायला लागतं, पिना काळ्या पडतात, आणि एखाद्या दिवशी धूर निघतो. त्यात या ऑफिस डब्यांमध्ये साटाची पॉवरसुद्धा मदरबोर्डावरून येते, सरळ एसएमपीएसमधून येत नाही. म्हणजे जळण्याची जागा थेट मदरबोर्डावर.

मग मोठा एसएमपीएसच बसवला तर? या यंत्रांमध्ये नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो. डेलच्या जुन्या ९०२० मध्ये ८ पिना, लेनोवोच्या जुन्या एम मालिकेत १४, एचपी एलिटडेस्कमध्ये ६. बोर्डाला एसएमपीएसकडून फक्त १२ व्होल्ट हवे असतात, ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. काही मॉडेलांत स्टँडबायचं (यंत्र बंद असताना मिळणारं) व्होल्टेजही नेहमीच्या सप्लायसारखं ५ नसतं. म्हणून तशा मॉडेलांच्या ॲडाप्टरमध्ये ५ व्होल्टचे ११-१२ करून देणारी छोटी पट्टी बसवलेली असते. ॲडाप्टर बरोब्बर तुमच्या मॉडेलचा असेल तर जमतं, पण नवा एसएमपीएस डब्यात मावत नाही आणि बाहेर लोंबकळत राहतो. लहान मुलं असलेल्या घरात मी हा प्रकार सुचवणार नाही. ७५ वॅटच्या पुढे जायचंच असेल तर त्याचा सरळ मार्ग शेवटी दिला आहे.

कार्ड कोणतं

लो-प्रोफाइल आणि वायर न लागणारी, गेमिंगला खरोखर उपयोगी अशी कार्डं मोजकीच आहेत. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ती ७० वॅटची आहे. जुनी ८ जीबीची आवृत्ती १३० वॅटची आणि वेगळी. दुकानात विचारताना "६ जीबी, लो-प्रोफाइल, पॉवर कनेक्टर नसलेलं" हे तिन्ही शब्द उच्चारा. रेडिऑन आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं आणि एका स्लॉटच्या जाडीतही मिळतं, पण ते चारच लेन वापरतं. आठव्या पिढीच्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस ३.० आहे, म्हणजे त्याला सेकंदाला जेमतेम ४ जीबीचा रस्ता मिळतो. त्यात कार्डावर मेमरी ४ जीबीच, त्यामुळे टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) मेमरीबाहेर सांडले की गेम अडखळतो. ३०५० आठ लेन वापरतं, म्हणून जुन्या बोर्डावर त्याचं नुकसान कमी. जीटीएक्स १६५० सेकंडहँड चांगल्या भावात मिळालं तर तेही चालतं, ७५ वॅटच्या मर्यादेत बसणारं आणि वायर नसलेलं मॉडेल आहे याची खात्री करून. या कार्डांवर १०८० पी मध्ये स्पर्धात्मक गेम छान चालतात. नवे जड गेम मध्यम सेटिंगवर, आणि ३०५० वर डीएलएसएसच्या (कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राच्या) मदतीनं. फोर-केची अपेक्षा ठेवू नका.

पट्टी हातात घेऊन मापं घ्या. लो-प्रोफाइल कार्डाची उंची साधारण ६९ मिलिमीटर, लांबी १७० ते १८५ च्या आसपास, आणि ३०५० ची बहुतेक मॉडेलं दोन स्लॉट जाड. काही ऑफिस डब्यांत १६ लेनचा स्लॉट एसएमपीएसला खेटून असतो, तिथे दोन स्लॉटचं कार्ड जातच नाही. स्लॉटपासून शेजारच्या अडथळ्यापर्यंत ४० मिलिमीटर मोकळे हवेत. कार्डाच्या टोकाशी हार्ड डिस्कची चौकट आडवी येते का तेही पाहा. येत असेल तर चौकट काढून टाका, एसएसडी बोर्डावरच्या छोट्या एम.२ स्लॉटमध्ये जाणारच आहे.

उघडणं आणि बसवणं

वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. २३० व्होल्ट एसी आत डीसी झाले की सव्वातीनशे व्होल्टच्या पुढे जातात आणि कपॅसिटरमध्ये बराच वेळ साठून राहतात. हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून कामाला लागा.

१. प्रोसेसरवरचा कूलर काढा. इतक्या वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसा आणि मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावा. कूलरचे चार स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे जोडीनं, थोडे थोडे.

२. रॅम जोडीनं लावा, ८ जीबीच्या दोन किंवा १६ च्या दोन, डीडीआर४-२६६६. एकच १६ जीबीची पट्टी लावली तर मेमरीचा निम्मा रस्ता बंद राहतो आणि गेममध्ये ते झटक्यांच्या रूपात जाणवतं. दोन पट्ट्या एकाच रंगाच्या खाचांत जातात.

३. एनव्हीएमई एसएसडी एम.२ मध्ये. २२८० लांबीची घेतलीत तर तिचा स्क्रू बसायची नळी योग्य भोकात आहे का ते आधी पाहा. आधीची छोटी २२३० असेल तर ती नळी मागे सरकवावी लागते.

४. कार्डाला डब्याच्या मागच्या बाजूला धरून ठेवणारी छोटी पट्टी बॉक्समध्ये येते. मोठी पट्टी सोडवून छोटी लावा. पट्टीचे स्क्रू हलक्या हातानं काढा. मग कार्ड स्लॉटमध्ये दोन्ही टोकांना सारखा दाब देत बसवा, खटका ऐकू आला पाहिजे.

५. प्लॅस्टिकचा हवेचा बोगदा परत लावा. तो अडगळ वाटतो म्हणून बरेच जण फेकून देतात. या डब्यात प्रोसेसरची थंड हवा त्यातूनच पुढच्या जाळीतून खेचली जाते. तो नसला की पंखा कार्डानं तापवलेली हवाच फिरवत बसतो.

मॉनिटरची वायर कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. बायोसमध्ये डिस्प्लेची निवड ऑटो किंवा बाहेरच्या कार्डावर ठेवा. बायोस अपडेट करायचं असेल तर ते कार्ड बसवण्याआधी उरकून घ्या.

हवा

लो-प्रोफाइल कार्डाचे पंखे गरम हवा डब्यातच सोडतात. ती बाहेर जायला वाटा दोनच: मागची जाळी आणि एसएमपीएसचा पंखा. म्हणजे ७० वॅटची उष्णता सप्लायच्या पोटातून जाते, आणि तो आधीच ८० टक्के भारावर आहे. म्हणून पत्र्याच्या कामाला मी कार्डाइतकंच महत्त्व देतो.

पहिलं सोपं काम: कार्डाशेजारी रिकामा स्लॉट उरला असेल तर त्याची पट्टी काढा आणि तिथे भोकांची पट्टी लावा. दुसरं, झाकणात कार्डाच्या पंख्यांसमोर जाळी कापा. शक्य असेल तर त्याच मॉडेलचं जुनं झाकण वेगळं मिळवा, म्हणजे मूळ शाबूत राहील. कार्ड बसवून झाकण लावा, पंख्यांच्या मध्याची जागा बाहेरून मोजून कागदावर उतरवा. झाकण काढून घराबाहेर न्या. यंत्र जवळ ठेवून ड्रिल चालवू नका. लोखंडाचा एक कणसुद्धा बोर्डावर पडला तर शॉर्ट होऊ शकतो. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवा, कागद त्यावर लावा, प्रत्येक भोकाच्या जागी पंचनं खड्डा पाडा म्हणजे ड्रिलचं टोक घसरणार नाही. आधी ३ मिलिमीटर, मग ५ मिलिमीटर, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. मोठं गोल भोक पाडून वर जाळी लावायची असेल तर होल सॉ वापरा, पण पत्रा पातळ असतो, घट्ट पकडला नाही तर दातात अडकून वाकतो. कडा अर्धगोल कानशीनं घासा, आतल्या बाजूनंही. मग ओल्या फडक्यानं पुसा, चुंबक फिरवा, उघड्या धातूवर प्रायमर आणि रंग मारा. हे शेवटचं कोकणात आणि मुंबईत टाळूच नका. खाऱ्या दमट हवेत उघड्या कडेला एका पावसाळ्यात गंज धरतो.

जाळीला आतून धूळ अडवणारा फिल्टर लावा. फार बारीक विणीचा नको, तो हवाही अडवतो.

खोलीच्या तापमानाचाही विचार करा. खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही ढोबळमानानं दहा अंशांनी तापतात. जानेवारीत नाशिकला ७० अंशांवर राहणारं कार्ड मे महिन्यात नागपुरात बंद खोलीत ८५ च्या आसपास जाईल. तुमची चाचणी हिवाळ्यात केलेली असेल तर वर पंधरा अंश धरूनच निर्णय घ्या.

वॅट कमी करणं

छोट्या डब्यात सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक बदल सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमला ६० फ्रेमवर बांधून टाका. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त फ्रेम रेटची जागा आहे. साधा मेनू स्क्रीनसुद्धा मोकळा सोडला तर शेकडो फ्रेम काढत पूर्ण वॅट जाळतो, आणि त्यातून तुम्हाला काहीच मिळत नाही.

त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नर, कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलणारं सॉफ्टवेअर. कंट्रोल आणि एफ एकत्र दाबले की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. आधी एखादा जड गेम अर्धा तास चालवून कार्ड नेहमी कोणत्या वेगावर आणि किती व्होल्टेजवर राहतं ते लिहून ठेवा. मग तोच वेग २५-२५ मिलिव्होल्ट कमी व्होल्टेजवर मिळतो का ते बघत जा. आलेखावर तो बिंदू वर ओढायचा आणि त्याच्या उजवीकडचा सगळा भाग सपाट करायचा. प्रत्येक पायरीला निदान अर्धा तास गेम. चित्र फाटलं किंवा गेम बंद पडला की एक पायरी मागे या, आणि तिथेही आणखी एक पायरी राखून ठेवा, कारण थंडीत टिकलेली सेटिंग उन्हाळ्यात हलू शकते. हे किचकट वाटलं तर नुसती पॉवर लिमिटची पट्टी ८५ टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता बरीच.

प्रोसेसरचं व्होल्टेज मात्र या डब्यांत सहसा हलवता येत नाही. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटनी ती वाट बंद केली. त्यासाठी जुन्या बायोसवर परत जाऊ नका. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो. आय५-८५०० मग ३ गिगाहर्ट्झवर राहतो आणि डबा लक्षणीय शांत होतो. गेममध्ये मी टर्बो चालूच ठेवतो, पण ऐन मे महिन्यात हा एक उपाय हाताशी असू द्या.

भिंतीतली वीज

संगणकाच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याच्या पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, गोंगाट गाळण्यासाठी. अर्थची वायर तुटलेली असेल तर डबा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असल्यानं नुसत्या मुंग्या येतात, पण तेच व्होल्टेज एचडीएमआय वायर लावता-काढताना कार्डाच्या पोर्टमधून वाट शोधतं.

मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या, किंवा वायरमनला घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. दुसरं माप खूप कमी आलं तर अर्थ जोडलेलाच नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडाप्टरमध्ये घालून काम भागवू नका. मॉनिटर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवा, म्हणजे दोघांचा अर्थ एकच राहील.

यूपीएस हवाच. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस सहसा ३६० वॅटचे असतात, आपल्या डब्याला आणि मॉनिटरला ते आरामात पुरतात. वॅटचा आकडा पाहूनच घ्या, व्हीएचा नाही. वीज गेल्यावर खेळत राहण्यासाठी तो नसतो, गेम सेव्ह करून यंत्र बंद करण्यापुरता असतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर साइन वेव्ह प्रकारचाच. चौकोनी लहरींवर काही एसएमपीएस गुरगुरतात आणि काही सरळ बंद पडतात.

चाचणी

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि तापमानाच्या खिडक्या समोर ठेवा. ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली पॉवर चाचणी प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकत्र ताण देते. भिंतीतला वॅटमीटर लावून ती आधी पाच मिनिटं चालवा, सगळं ठीक असेल तर अर्धा तास. आय५-८५०० ची शेवटची मर्यादा १०० अंश आहे, पण ८५ च्या पुढे गेला तर पेस्ट किंवा कूलरचा दाब परत तपासा. कार्ड ८० च्या आत राहिलं तर उत्तम.

काय बिघडलं ते यंत्र कसं बंद पडतं त्यावरून ओळखता येतं. निळा पडदा येऊन थांबलं तर रॅम, ड्रायव्हर किंवा व्होल्टेजची सेटिंग. चित्र गोठून आवाज चालू राहिला तर बहुधा कार्ड. काहीही न सांगता झटकन पूर्ण अंधार झाला आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवर ४१ एवढीच नोंद सापडली, तर पहिला संशय एसएमपीएसवर: एकतर भार वर गेला किंवा तो स्वतः तापला. फ्रेम बांधून आणि पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून पुन्हा चालवा. अंधार होणं थांबलं तर उत्तर मिळालं. मग त्याच क्षमतेचा, त्याच भाग क्रमांकाचा चांगला एसएमपीएस मिळवून बदला. वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेल्या सप्लायची ताकद कमी झालेली असू शकते.

दर तीन महिन्यांनी झाकण उघडून ब्लोअरनं धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा.

७५ वॅटच्या पुढे जायचं असेल तर

मग डबाच बदला. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिलिमीटर चौरस असतो, आणि एसएफएक्स सप्लाय १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा. एवढ्याशा पेटीत आज ७५० वॅट सहज मिळतात. १० ते १५ लिटरच्या कॅबिनेटमध्ये आरटीएक्स ५०६० सारखं १४५ वॅटचं कार्ड आणि ६५ वॅटचा रायझन प्रोसेसर नीट बसतो. इथेही क्रम तोच: आधी सप्लाय, मग कार्ड. बेरीज २५० वॅटच्या आसपास आली तरी मी ६००-७५० चा घेईन, कारण कार्डं क्षणभरासाठी लिहिलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० नियमावलीनं म्हणूनच मोठ्या सप्लायना १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार सोसायला लावलं. शिवाय अर्ध्या भारावर त्याचा छोटा पंखा शांत राहतो.

कूलरची उंची कॅबिनेटच्या मापात तपासा. फार बुटके कूलर ३७ मिलिमीटरच्या आसपासचे असतात आणि त्यांच्यावर ६५ वॅटच्या वरचा प्रोसेसर लादू नये. कार्ड बोर्डाच्या पाठीमागे बसवणाऱ्या कॅबिनेटमध्ये रायझर केबल (स्लॉट आणि कार्ड जोडणारी वायर) लागते. ती पीसीआय एक्स्प्रेस ३.० ची आणि कार्ड नव्या पिढीचं असेल तर पडदा काळाच राहू शकतो. बोर्डावरच्या डिस्प्ले पोर्टमधून बायोसमध्ये जाऊन स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर बांधा. मोठ्या कार्डांची १६ पिनांची पॉवर वायर असेल तर ती कनेक्टरपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्या, मगच वळवा. छोट्या कॅबिनेटचं झाकण नेमकं याच जागी दाब देतं, म्हणून कार्ड निवडताना त्याच्या उंचीत वायरचे हे ३५ मिलिमीटर मिळवा.

ऑफिस डब्यातून नव्या डब्यात येतील एसएसडी, मॉनिटर आणि यूपीएस. बोर्ड आणि त्याचा २०० वॅटचा सप्लाय एकमेकांनाच लागू आहेत, ते वेगळे करून विकू नका. ३०५० त्यातच राहू द्या. घरातल्या दुसऱ्या कुणासाठी तो तसाच चालू गेमिंग पीसी आहे.